एक बाटली, पण नीट

भाचेबुवा, ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या त्या बारमध्ये आता बेल्जियमची, जर्मनीची, चेक देशाची बिअर मिळते आणि तू तिथे ‘नुसतं बघायला’ जाऊन आलास, ही बातमी चिटणीसांची गोठ या मोहल्ल्यातून निघून माझ्यापर्यंत पोचली आहे. आपल्या लष्कर भागात बातमीला ऑटो लागत नाही. तुझं वय एकविसाच्या पुढे गेलंय आणि कमाई तुझी आहे, तेव्हा रागवायचा माझा हक्क संपला. सल्ला द्यायचा हक्क मात्र मामाकडून कुणी काढून घेत नाही.

पीत नसशील तर सुरू कर, असं मी म्हणत नाही. न पिणाऱ्याचं काही अडत नाही. पण जाणारच असशील तर सार एवढंच लक्षात ठेव. ही बिअर महाग आहे, नाजूक आहे आणि फार लांबून आलेली आहे. ती कमी घ्यायची आणि नीट घ्यायची. हा बार तुला पुढेही आवडता राहिला पाहिजे, आणि बारवाल्याला तू. त्यासाठी या बारीकसारीक सवयी.

घरातून निघण्याआधी

1. रिकाम्या पोटी जाऊ नकोस, दोन पोळ्या किंवा वाटीभर वरणभात खाऊन निघ – पोटात अन्न असलं की दारू रक्तात सावकाश उतरते, आणि मेनूकार्ड बघताना हातही आवरता राहतो.

2. स्कूटरची किल्ली घरच्या खुंटीला लावून जा – परतताना ‘मी एकदम ठीक आहे’ हे ठरवणारं डोकं त्या वेळी ठीक नसतं. बाटली उघडायची तर किल्ली आधी टांगायची.

3. औषध सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बारची पायरी चढू नकोस – जुलाबावर सर्रास देतात त्या मेट्रोनिडाझोलबरोबर दारू गेली, तर उलट्या आणि धडधड सुरू होऊ शकते. म्हणून गोळ्या संपल्यावरही दोन-तीन दिवस थांबायला सांगतात.

4. मे-जूनच्या दुपारी तहान लागली म्हणून बिअर मागवू नकोस, आधी माठातलं पाणी किंवा पन्हं पी – आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो, लू चालते, आणि दारू लघवीवाटे अंगातलं आणखी पाणी काढते.

5. निघण्याआधी कॅलेंडर बघ – 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे दिवस कोरडे, निवडणुकीत मतदान संपेपर्यंतचे 48 तास कोरडे. बंद दारापुढे उभं राहून मागच्या दाराची चौकशी करणाऱ्याच्या हाती काय लागेल याचा भरवसा नसतो.

6. दोघं-तिघं जा, दहाजण जाऊ नका – दहाजणांत प्रत्येकजण ‘हा राउंड माझा’ म्हणतो, आणि मोजायचं काम कुणाचंच नसतं.

7. चतुर्थीच्या दिवशी साबुदाणा वडा मागवला म्हणून उपवास टिकला, असं आईला सांगू नकोस – म्यूनिखच्या पाउलानर मठातले साधू लेंटच्या उपवासात पौष्टिक म्हणून दाट बिअर पीत, पण ती सवलत तुझ्या आजीने कधी मंजूर केलेली नाही.

8. दुकानातून बाटली घेऊन गाडीत बसून पिण्याचा ‘कारोबार’ करू नकोस – दुकानांशेजारचे पिण्याचे अहाते मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2023 पासून बंद झाले, ते काही लोकांनी रस्त्यावर बसावं म्हणून नव्हे. शिवाय राज्याच्या आबकारी आयुक्तांचं कार्यालय आपल्याच मोतीमहालात आहे. त्यांच्या अंगणात आगाऊपणा नको.

बाटली टेबलावर आल्यावर

9. उघडण्याआधी बाटली हातात घे आणि मागचं लेबल वाच – आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा क्रमांक आणि दारूचं प्रमाण छापलेलं असतं. ते नसेल तर बाटली कुठून आली याची चौकशी न करता हसून परत दे.

10. युरोपचं नाव म्हणजे युरोपची बिअर, असं धरून चालू नकोस – कार्ल्सबर्ग 2007 पासून आणि हायनेकेन 2011 पासून भारतात बनते. ती वाईट नाही, उलट ताजी असते. फक्त तिला जहाजाचं भाडं देऊ नकोस.

11. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख दिव्याखाली धरून वाच – जहाज, बंदर, गोदाम आणि ट्रक असं करत बाटली इथे यायला महिने जातात. जुन्या बिअरचा आधी हॉप या कडू फुलाचा वास जातो, मग तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तारीख वाचतो, तोच चव वाचवतो.

12. ‘एकावर एक मोफत’ दिसलं की आनंद नंतर, तारीख आधी – फुकटची बाटली बहुधा मुदत संपायला आलेली असते. चालत असेल तर घे, पण जाणून घे.

13. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतली बाटली काचेच्या फ्रिजमधल्या दर्शनी रांगेतून घेऊ नकोस, मागची माग – उजेडाने हॉपमधले घटक बिघडतात आणि बिअरला कुबट, उग्र वास येतो. तपकिरी काच त्यातून बरीच वाचवते, आणि डब्याला तर उजेड लागतच नाही.

14. वेटरशी ओळख झाली की पेट्या कुठे ठेवता, हे सहज विचार – गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ग्वाल्हेरचा एक उन्हाळा काढलेली बिअर नंतर कितीही थंड केली, तरी पुन्हा ताजी होत नाही.

15. लेबलवरचा टक्का वाच आणि मनात गुणाकार कर – 5.4 टक्क्यांची अर्ध्या लिटरची जर्मन बाटली म्हणजे 27 मिलिलिटर निव्वळ दारू, आणि व्हिस्कीचा 30 मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे जेमतेम 13. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्याने दोन पेग केव्हाच ओलांडलेले असतात.

कोणती घ्यावी

16. सुरुवात चेक पिल्सनरपासून कर – पिल्सेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने 1842 मध्ये ही सोनेरी बिअर काढली, आणि आज जगभर खपणारी फिकी लागर तिच्याच वाटेने आली. मूळ चाखलं की नकला आपोआप ओळखता येतात.

17. पिल्सनर कडू लागली म्हणून तोंड वाकडं करू नकोस, तिसऱ्या घोटापर्यंत थांब – तो कडूपणा झाटेत्सच्या हॉपचा आहे आणि मुद्दाम ठेवलेला आहे. कारल्याची भाजी आवडायला वेळ लागला होता, तेवढाही इथे लागत नाही.

18. कडू नको असेल तर बेल्जियमची गढूळ पांढरी हूखार्डन माग – तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते, म्हणजे अर्धा मसाल्याचा डबा तुझ्या ओळखीचाच. गावातला शेवटचा कारखाना 1957 मध्ये बंद पडला होता. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने 1966 मध्ये ही बिअर पुन्हा सुरू केली.

19. जर्मन गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास आला तर वेटरला बोलावू नकोस – तिच्यात केळं कुणी घातलेलं नाही, तो वास यीस्टचा आहे. बव्हेरियात 1516 च्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी एवढंच मान्य केलं, आणि गव्हाच्या बिअरला पुढे वेगळी परवानगी लागायची. केळ्याला कोण विचारतो!

20. काळी गिनेस बघून दचकू नकोस – रंग भाजलेल्या जवाचा आहे, नशेचा नाही. डब्लिनची ही ड्राफ्ट बिअर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असते, तर आपल्याकडची सोनेरी ‘स्ट्राँग’ आठ टक्क्यांपर्यंत जाते. रंग बघून नशा मोजू नये.

21. गिनेसच्या डब्यात काही खडखडलं तर तक्रार करू नकोस – आत नायट्रोजनची प्लास्टिकची गोळी असते, डबा उघडला की तीच तो सायीचा फेस करते. सगळा डबा ग्लासात ओत आणि बिअर खाली काळी, वर पांढरी होईपर्यंत थांब.

22. मठातली बिअर मागवलीस तर ती दोघांत घे – बेल्जियमच्या शिमे मठात 1862 पासून बिअर बनते. त्यांची लाल लेबलची बाटली 7 टक्क्यांची. 330 मिलिलिटरची असली, तरी ती दोन छोट्या पेगांच्या जवळ जाते.

23. एका संध्याकाळी दोन प्रकार पुरेत, आणि क्रम हलकीकडून भारीकडे – भाजलेल्या जवाची चव जिभेवर बसली, की मागून आलेली पिल्सनर निव्वळ पाणी लागते आणि तिचे पैसे बुडतात.

24. शेजारच्या टेबलावर कुणी देशी ‘स्ट्राँग’ पीत असेल तर नाक मुरडू नकोस – त्याची संध्याकाळ त्याची आहे. बेल्जियमचं नाव तोंडपाठ झालं म्हणून कुणी बेल्जियमचा जावई होत नाही.

ग्लास, फेस आणि गारवा

25. बर्फ चढलेला पांढरा ग्लास आणला तर नम्रपणे साधा माग – गोठलेल्या काचेवर बिअर भसाभस फसफसते, वर बर्फ वितळून पाणी मिसळतं, आणि जीभ बधिर झाली की चवीचे पैसे वाया.

26. पिल्सनर पाच-सात अंशांवर घ्यावी, गव्हाची जराशी कमी गार, आणि मठातली तर आठ ते बारा अंशांवर – जास्त गारव्यात वास दबून राहतो. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ठेव म्हणतात, पण ते त्यांच्या हवेत; ग्वाल्हेरच्या मे महिन्यात मोबाइल उलटा ठेवून दोन वाक्यं बोललास तरी काम होतं.

27. बिअरमध्ये बर्फ टाकू नकोस, कितीही उकडत असलं तरी – लांबून आलेल्या बाटलीत बारच्या नळाचं पाणी घालायला एवढे पैसे कशाला?

28. ग्लासाच्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले, तर पुढच्या वेळी ग्लास साध्या पाण्याने विसळून माग – तिथे साबण किंवा तूप राहिलेलं असतं, आणि तेलकट काचेवर फेस टिकत नाही.

29. ग्लास तिरपा धरून ओत, अर्धा झाला की सरळ कर आणि दोन बोटं फेस येऊ दे – फेसातून वास नाकात येतो, आणि खालची बिअर हवेपासून जपली जाते. फेसावरून वेटरशी भांडणाऱ्याने ताक मागवावं. पण त्यावरही फेस असतो, हे लक्षात ठेवावं.

30. गव्हाची बिअर ओतताना तळाशी दोन बोटं राहू दे, बाटली हलकेच फिरव आणि मग उरलेली ओत – यीस्ट तळाला बसलेलं असतं, आणि दाटपणा नि वास त्याच्यातच असतो.

31. बाटलीला तोंड लावून पिऊ नकोस – नाक बाहेर राहिलं की अर्धी चव बाहेर राहते, आणि जो वायू ग्लासात निघून गेला असता तो पोटात जाऊन ढेकर काढतो.

32. लिंबाची फोड ग्लासात पडू देऊ नकोस – आंबटपणाने हूखार्डनमधल्या संत्र्याच्या सालीचा नाजूक वास झाकला जातो आणि फेसही बसतो. हवीच असेल तर ताटलीत ठेव, पनीरवर पिळ.

33. घोट विलंबित घे – आपल्या ग्वाल्हेर घराण्याचा गवई बडा ख्याल सुरू करतो, तेव्हा समेवर यायला तो घाई करत नाही आणि ऐकणाराही घड्याळ बघत नाही. बिअर थोडी कोमट होत जाते तसे नवे वास उघडतात. पहिल्या पाच मिनिटांत संपवलीस, तर ते कुणासाठी होते?

34. टेबलावर एका वेळी एकच बाटली – 1874 च्या जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी पेयांच्या सुरया घेऊन फिरायची आणि पाहुण्याने सुरई उचलली की थांबायची. महाराजांच्या पंगतीत गाडी थांबत होती, तुझी का धावते?

35. प्रत्येक बिअरमागे एक पूर्ण ग्लास पाणी – दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी थोडी कमी होते, आणि हात रिकामा नसल्यामुळे वेटर ‘और लाऊँ?’ विचारायला येत नाही.

ताटलीत काय असावं

36. तळलेल्या पदार्थांबरोबर पिल्सनर घे – तिचा कडूपणा आणि बुडबुडे जिभेवरचं तेल उतरवतात. मिरची मात्र बेतानं, कारण हॉपचा कडूपणा आणि मिरची एकत्र आली की दोघंही चढ्या आवाजात बोलतात.

37. पनीर टिक्का, दही कबाब किंवा मासा असेल तर गव्हाची बिअर – तिचा गोडसर मऊपणा मसाल्याला दाबत नाही, आणि धन्याशी तर तिचं जुनं नातं आहे.

38. हिवाळ्यात खिशात गजकेचा तुकडा ने आणि बारवाल्याची हरकत नसेल तर काळ्या बिअरबरोबर खा – भाजलेले तीळ, गूळ आणि भाजलेला जव यांचं छान जमतं. 1905 पासून भरणाऱ्या आपल्या ग्वाल्हेर मेळ्याच्या दिवसांत गजक ताजी असते. हा बेत डब्लिनवाल्यांना कधी सुचायचा नाही.

39. फुकटचं नमकीन मूठभरच खा – मीठ तहान वाढवतं आणि तहान बिल वाढवते. नमकीन फुकट, बाटली नकद.

40. तानसेन समारोहाला जायचं असेल तर त्या संध्याकाळी बार टाळ – हजिऱ्याच्या तानसेन समाधीजवळ शेजारी बसलेल्या माणसाला तुझ्या तोंडाचा वास नको, राग हवा असतो.

बिल आणि हिशोब

41. बाटली उघडण्याआधी किंमत विचार, लाजू नकोस – आयात शुल्कच मूळ किमतीएवढं किंवा वर असतं, त्यावर राज्याचा कर, त्यावर बारचा नफा. झाकण उघडल्यावर घासाघीस होत नाही.

42. बिल ओळीओळीने वाच – जीएसटी खाण्यावर लागतो, बिअरवर नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. दोन्ही एकाच ओळीत चिकटवले असतील तर गोडीत विचार. बिल वाचणारा कंजूष नसतो, जागा असतो.

43. सर्व्हिस चार्ज दिसला तर तो देणं तुझ्या मर्जीवर आहे, हे माहीत असू दे – ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तसं स्पष्ट केलं आहे. तो काढलास तर वाचलेले पैसे खिशात घालू नकोस, टेबल सांभाळणाऱ्या पोराच्या हातात दे.

44. संध्याकाळचा आकडा घरी ठरव आणि तेवढेच पैसे वेगळे काढून ठेव – दुसऱ्या बाटलीनंतर आकडे लवचीक होतात. उधारीचं खातं तर उघडूच नकोस. खातं उघडलं की आवडत्या बारचा रस्ता लांबचा वाटायला लागतो.

45. दिल्लीत स्वस्त मिळते म्हणून गाडीत बाटल्या भरून आणू नकोस – वाटेत हरियाणा, उत्तर प्रदेश आणि धौलपूरचा राजस्थान लागतो, आणि प्रत्येक राज्याची आबकारी वेगळी. दतिया-ओरछ्याला देवदर्शनाला जाताना तर डिकी आधी तपास. 1 एप्रिल 2025 पासून तिथे दारूविक्री बंद आहे.

बारची माणसं

46. वेटरचं नाव विचार आणि नावाने हाक मार, चुटकी वाजवू नकोस – कोणती पेटी कालच आली आणि कोणती दिवाळीपासून पडून आहे, हे फक्त त्यालाच माहीत असतं. वेटर ओळखीचा, तर ग्लास ताजा.

47. बिअर बिघडलेली वाटली तर दुसऱ्या घोटालाच सांग, हळू आवाजात – अर्धी बाटली रिचवून केलेली तक्रार कुणालाच खरी वाटत नाही. आरडाओरडा करणाऱ्याला बाटली एकदा बदलून मिळते, टेबल पुन्हा मिळत नाही.

48. सोबतचा कुणी पीत नसेल तर त्याच्यासाठी मसाला सोडा माग आणि विषय संपव – आग्रह श्रीखंडाचा करावा, बिअरचा नाही.

49. फोटो बाटलीचा काढ, माणसांचा नको – शेजारच्या टेबलावर कुणाचे तरी सासरे बसलेले असतात, आणि ग्वाल्हेरात कुणीच कुणाला पूर्ण अनोळखी नसतं.

घरी जाताना

50. ऑटो किंवा टॅक्सीनेच परत ये – कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अर्ध्या लिटरची एक बाटली अंगातून उतरायला दोन-तीन तास लागतात, आणि ते काम कॉफीने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने लवकर होत नाही.

51. उशीर होणार असेल तर घरी आधी कळव, खरं कळव – ‘ऑफिसात अडकलो’ म्हणशील, तर लवंगेचा वास कुठल्या फाइलचा होता, हे आई विचारेल.

52. दोन बार-दिवसांत भरपूर अंतर ठेव – दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. लेबल परदेशी असलं तरी यकृताला ती भाषा कळत नाही.

53. ज्या दिवशी चव घ्यायला नव्हे तर विसरायला जावंसं वाटेल, त्या दिवशी बारऐवजी माझ्याकडे ये – रोजची ओढ लागली असेल तर 14446 या सरकारी मोफत क्रमांकावर बोलता येतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मामा रागावणार नाही, वरणभात वाढेल.

54. आणि अधूनमधून मलाही घेऊन जात जा – लेबल मी वाचेन, अर्धी बाटली तू घे, अर्धी मी. बिल तू वाच आणि तूच दे, म्हणजे बेचाळिसावा मुद्दा नीट समजला की नाही, ते मला तिथेच कळेल.